अर्धी हाक

तुमच्यापेक्षा चोर बरा. चोर जे नेतो त्याची जागा रिकामी ठेवतो. सकाळी उठल्यावर माणसाला निदान कळतं की इथं काहीतरी होतं आणि आता नाही. तो बोंब मारू शकतो, शेजारीपाजारी गोळा करू शकतो. तुम्ही जागा भरून ठेवलीत. घासूनपुसून, गुळगुळीत करून, अशी की ज्याचं गेलं त्यालाच वाटावं, आपल्याला काहीतरी जास्तीचं मिळालं. तुमचं नाव मी इथं घेत नाही. नाव घेतलं की तुमच्यासारखे लोक खुर्चीत सावरून बसतात आणि वकिलाला बोलावतात. तुमचं तुम्हाला कळेल. खोक्यावर ठळक छापलंय तुम्ही: 'जसं होतं तसं, फक्त दोष काढून.' हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला समोर बसवून मला एकच विचारायचंय. बाबा रे, तो दोष आहे हे तुला कुणी सांगितलं?

आणि मी हे उगाच उकरून काढत नाहीये. विचारलंत तुम्ही. यंत्र चालू केलं, अजून बटणांवर बोटं नीट बसली नव्हती, तेवढ्यात पडद्यावर चौकट आली: 'आपलं पहिलं मत कळवा.' खाली पाच चांदण्या, पोकळ, आपण भरायच्या. घ्या मग पहिलं मत. हलकं आहे. इतकं हलकं की हातात घेतल्याबरोबर मी खोक्यात अजून काही राहिलंय का ते चाचपून बघितलं, कारण ज्यात ती आहे ते जड असणार असं मी धरून चाललो होतो. रंग जुन्या दातासारखा पिवळट, मुद्दाम तसा केलेला. डाव्या अंगाला फुलीचं बटण, उजव्या अंगाला दोन गोल. दाबली की टक्क वाजतात. जुनी वाजत नसत. जुनी रबरासारखी आत जात आणि वर येताना कुरकुरत, झोपेतून उठवलेल्या माणसासारखी. पडदा लख्ख, इतका की निळा रंग डोळ्यात घुसतो. कोपरे गोलसर. वास नव्या चपलेचा. मी लॉन्ड्रीत रुळांवर आहे, हॉटेलांच्या ओल्या चादरी तापलेल्या रुळांमधून ओढून काढायच्या, त्यामुळं माझ्या दोन्ही अंगठ्यांची कातडी मेलेली आहे. चादर गरम की गार हे मला मनगटानं कळतं. तुमची बटणं त्या अंगठ्यांनाही कळली. हवं तर तारीफ समजा. एवढीच तारीफ आहे, पुढं नाही.

मला हे दाखवलं पोपटानं. पोपट म्हणजे रुळाच्या त्या अंगाला चादरीचं दुसरं टोक धरणारा. तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही म्हणून पोपट. जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ, तुझ्या लहानपणचं भंगार परत निघालंय. हातातला खेळ म्हणे. जुने शंभर गेम आत भरलेत." छोटी छोटी चित्रं सरकत होती, गाड्या, विमानं, उड्या मारणारे बेडूक, आणि त्यात पापणी लवेपर्यंत एक निळ्या टोपीचा माणूस दिसला, उंच इमारतीच्या भिंतीवर दोरीला लटकलेला, हातात फडकं. मी म्हणालो, "थांब. मागं घे." "मागं काय घे? जाहिरात आहे, ट्रक नाही." पण घेतली त्यानं मागं. निळ्या टोपीचा माणूस पुन्हा आला, खिडकी पुसली, गेला. माझ्या मांडीवरचा डबा कधी कलंडला मला कळलं नाही, पँटीतून गरम गरम आत गेल्यावर कळलं. "अरे ए, भूत बघितलंस का काय?" मी म्हणालो, "ताई आहे त्यात." पोपटानं फोन खाली ठेवला. रूळ बंद असताना त्या शेडमध्ये किती शांतता असते ते मला त्या दिवशी कळलं. वाफेच्या नळीतून थेंब पडत होते. एक एक थेंब मी ऐकला, आणि मनात एकच आलं, आईचा कान आहे तोवर. आईचा कान आहे तोवर.

ताई माझ्याहून बरीच मोठी. बाप गेल्यावर शाळा सोडून ती एका दुकानाच्या माडीवर कामाला लागली. खाली रेडिओ दुरुस्ती, वर खेळांच्या कॅसेटी बनत. त्या काळी टीव्हीला खोका जोडायचा आणि खोक्यात कॅसेट खुपसायची, न चालली तर फुंकर मारायची, तो जमाना. मालकाला आम्ही चष्मेवाला म्हणायचो, त्याच्या काचा एवढ्या जाड की डोळे आत बुडालेले माशासारखे दिसत. दुसऱ्यांचे खेळ उतरवून विकणं हा त्याचा धंदा, पण एक खेळ त्यानं स्वतः रचला, खिडक्या पुसणाऱ्याचा. ताईचं काम काय, तर तयार झालेली प्रत्येक कॅसेट लावून बघायची. नुसती सुरू होऊन भागत नसे. शेवटपर्यंत जाते की नाही ते बघायचं, आणि शेवटपर्यंत लवकर जायचं तर हरायचं. दिवसभर ती बसून हरायची. आई म्हणायची, "जगात लोकांना जिंकल्याची बक्षिसं मिळतात, आमच्या पोरीला हरल्याचा पगार मिळतो." ताई त्यावर उलट म्हणायची, "सोपं नाही गं हरणं. हात ऐकत नाहीत. हात वाचवायला बघतात." मी रविवारी तिच्याबरोबर जायचो, तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहायचो. माडीवर छताचा पंखा किरकिरत असायचा, चष्मेवाल्याची खुर्ची करकरायची, आणि ताईची वेणी खुर्चीच्या पाठीवरून माझ्या हातावर पडलेली असायची. ती वेणी मला आता आठवते त्यापेक्षा जाड होती की बारीक, कोण सांगणार. फोटो दोन आहेत, दोन्हीत ती समोरून आहे.

खेळ रचून झाल्यावर चष्मेवाल्याला वाटलं, माणूस शेवटचा पडतो तेव्हा कुणीतरी ओरडायला हवं. आवाज भरायची चिप त्यानं कुठून तरी मिळवली होती. आधी स्वतः ओरडून बघितलं, ते म्हशीसारखं आलं. मग ताईला म्हणाला, "तू ओरड गं काहीतरी." "काय ओरडू?" "पडलेल्या माणसाला काय म्हणतात?" तिनं क्षणभरही विचार केला नाही. आईची हाक काढली. मी सकाळी मुडद्यासारखा पडायचो आणि आई स्वयंपाकघरातून रोज तीच हाक मारायची, "ऊठ की गाढवा, सगळं जग उठलं!" 'ऊठ' सपाट, 'की' वर चढवलेला, आणि 'गाढवा' म्हणजे पाठीत थाप. ताईनं ती जशीच्या तशी काढली, मान हलवून, कंबरेवर हात ठेवून, आणि शेवटी शेवटी तिला हसू फुटलं. पण चिपमध्ये जागा थोडी. 'सगळं जग उठलं' गेलं. तरी मावेना. मग 'गाढवा'मधला 'वा' गेला. राहिलं एवढंच: 'ऊठ की गाढ'. मागं पंख्याची किरकिर, आणि 'गाढ' म्हणताना दाबलेलं हसू, ते बाहेर पडायच्या आत कापलेलं. चष्मेवाला म्हणाला, उद्या पुन्हा करू, घाईनं बोल म्हणजे बसेल. ताई म्हणाली, "राहू द्या. ज्याला उठायचंय तो तेवढ्यावरही उठतो."

हा तुमचा दोष.

घरी कॅसेट आली, लावली, मी हरलो. निळ्या टोपीचा माणूस फुटपाथवर आडवा, टोपी बाजूला पडलेली, आणि टीव्हीतून ताई: 'ऊठ की गाढ'. आई पीठ भरल्या हातांनी बाहेर आली. "माझी नक्कल करतेस होय गं? आणि तीही अर्धवट? पुरतं म्हणायला तोंड दुखत होतं?" ताई हसून हसून भिंतीला टेकली. "जागा नव्हती गं आत." "माझ्या पोरीच्या एका अक्षराला जागा नव्हती?" असं म्हणून आई स्वयंपाकघरात गेली, आणि पुढच्या वेळी मी हरलो तेव्हा टीव्ही म्हणाला 'ऊठ की गाढ' आणि आतून आई म्हणाली, "वा!" झालं, पद्धतच पडली. टीव्हीनं अर्धं म्हणायचं, आईनं पुरं करायचं. शेजारची पोरं खेळायला यायची, त्यांनाही माहीत. हरली की खेळाकडं न बघता स्वयंपाकघराकडं बघायची. आई कढई घासत असो नाहीतर कुणाशी भांडत असो, मध्येच थांबून 'वा' टाकायची आणि भांडण पुढं चालू करायची. ताई बाविसाव्या वर्षी गेली. ताप डोक्यात गेला, आठवडा पुरा झाला नाही. तेराचौदा दिवस कुणी टीव्ही लावला नाही. मग एका दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसली, पदरानं कॅसेटवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "हर ना रे एकदा." मी हरलो. ताई म्हणाली, ऊठ की गाढ. आई म्हणाली, वा. रडली नाही. हाक पुरी करायला माणूस लागतं ना, तसं तिनं ते केलं, कामासारखं. मग रोज. शाळेतून आलो की दप्तर टाकायचं, हरायचं, आणि मग खायला. पुढं कधीतरी कॅसेट बोलेनाशी झाली, मग चालेनाशी झाली. मी किती जणांकडं नेली, चिप मेली म्हणाले. चष्मेवाला तोवर गेला होता. गरिबाच्या घरात त्या काळी आवाज कोण धरून ठेवायचं? आमच्याकडं ताईचा आवाज तेवढाच होता, आणि तो एका पडणाऱ्या माणसापाशी ठेवलेला होता.

आता आईचा कान. एक तर कधीच गेला. दुसरा उरलाय, तोही उतरत्या पाण्यासारखा. आज काठ दिसतो तो उद्या कोरडा. यंत्र लावते कानामागचं, पण ते शीळ घालतं. परवा रस्त्यात मागून आलेली गाडी तिला ऐकू आली नाही, ड्रायव्हरनं उतरून हात जोडले, म्हणाला, "मावशी, घरी कुणी आहे का तुमचं?" मग कानाच्या डॉक्टरीणबाई. तरुण आहे, समजूतदार आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. तिनं आईचा हात हातात घेऊन, तोंड समोर ठेवून, हळूहळू सांगितलं. उरलेल्या कानाच्या आत तार बसवायची, मेलेल्या कानात बसवून आता उपयोग नाही. तारेतून आवाज सरळ मेंदूकडं. बोलणं पुन्हा कळेल, गाड्या कळतील. पण आजी, आत्ता जे थोडं स्वतःचं ऐकू येतंय ना, ते बहुतेक जाईल. आणि नवे आवाज सुरुवातीला वेगळे वाटतील, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे. ओळखीची माणसंही वेगळी वाटतील. आईनं सगळं ऐकून घेतलं. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, बाहेरच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली, "काय ती कापाकापी करा. पण आधी ह्या कानानं माझ्या पोरीला एकदा ऐकू दे. पत्र्यातून नको मला ती." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बहीण. नाहीये आता." तिनं कागदावरची ऑपरेशनची तारीख दाखवली. म्हणाली, तारीख मिळालीय ती सोडू नका, पुढची कधी मिळेल सांगता येत नाही आणि कान थांबणार नाही. संमतीवर आईनं अंगठाही दिला नाही, सहीही केली नाही. पोरीला ऐकल्याशिवाय नाही. म्हातारी हट्टाला पेटली की पेटली. आणि त्याच आठवड्यात पोपटाच्या फोनमध्ये निळी टोपी. तुम्ही देवाला मानता की नाही मला माहीत नाही. मी मानत नाही, पण त्या दिवशी दुपारभर मी चादरी ओढता ओढता कुणाचे तरी आभार मानत होतो. तुमचेच मानत होतो, हे आता लिहिताना लाज वाटते.

उद्या सकाळी ऑपरेशनला नेतात तिला. खोकं आज दुपारी आलं, एवढं अंतर. उशीर तुमच्या गाडीचा, त्यावर मी बोलत नाही. आईला खिडकीशी खुर्चीत बसवलं. कानामागचं यंत्र काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, तिथंही ते बारीक शीळ घालत होतं, कुणी बंद केलं नाही. पोपटाकडून मोठे हेडफोन मागून आणले होते, दोन्ही कान झाकणारे. त्यांचा स्पंज झडलेला, आईच्या पांढऱ्या केसांवर काळा भुगा पडला. "हे काय घोड्याला लावतात तसं?" "आई, गप बस." "मला काय ऐकू येतंय तू काय म्हणतोस ते!" हेडफोनची पिन मी तुमच्या यंत्रात खुपसली आणि यंत्राचा स्वतःचा आवाज बंद झाला. तसाच बंद होणार, ते मला माहीत होतं, पण झाल्यावर चरकलो. त्या क्षणापासून बहिरा मी, आणि ऐकणारी ती. आधी मी एकट्यानं ऐकून बघावं, असं मनात आलं होतं. पण तिनं खोकं उघडल्यापासून माझं मनगट सोडलं नव्हतं. "आधी तू ऐकायचं नाहीस. चोरून तर मुळीच नाही. ती काय तुझी एकट्याची?" तुमची पहिल्या मताची चौकट आली, ती मी ढकलली. शंभर चित्रांतून निळी टोपी शोधली. सुरू केलं.

आणि हात हरेनात. ताई खरं सांगत होती. किती वर्षांनी, मेलेल्या कातडीचे अंगठे, पण वरून कुंडी पडली की बोट आपोआप डावीकडं, कबूतर आलं की उजवीकडं. माणूस खिडक्या पुसत वर वर चालला. मी अंगठे उचलायला बघत होतो आणि ते उचलले जात नव्हते. घामानं यंत्र निसटायला लागलं. मला कळत होतं मी काय करतोय. तो वर आहे तोवर ताई आत आहे. तो पडला की एक तर ती असेल नाहीतर नसेल, आणि नसेल तर मी आईला काय सांगणार, उद्या सकाळी काय सांगणार, ती स्ट्रेचरवर आडवी होणार नाही, मग तो काठही कोरडा होईल, आणि रस्त्यात मागून येणारी गाडी दर वेळी ब्रेक मारणारी असेलच असं नाही. कुंडी. डावीकडं. कबूतर. उजवीकडं. असाच वर चढत राहिलो असतो तर. इमारतीला गच्ची आहे का, हे आम्ही लहानपणी कधी बघितलं नव्हतं, तिथपर्यंत कुणी गेलंच नाही. "हरलास का?" आई ओरडली. मी मान हलवली, नाही. "मग काय करतोयस?" मी बोट वर केलं. वर जातोय. "वर कशाला मरायला जातोस? खाली पड की!" मला हसू आलं, आणि त्या हसण्यात अंगठा सुटला. खेळात तीन माणसं मिळतात; पहिला गेला. मग दुसरा, तो सोपा गेला. तिसऱ्याला मी डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवले.

उघडले तेव्हा माणूस फुटपाथवर आडवा होता. टोपी बाजूला. सगळं तसंच, तेवढं तुम्ही जपलंत. मी पडद्यावरून मान उचलून आईकडं बघितलं, कारण आवाज तिच्या चेहऱ्यावरच ऐकायचा होता मला. तिच्या भुवया वर गेल्या. आला आवाज! तोंड उघडलं, मग वरचे दात खालच्या ओठावर टेकले, 'वा' म्हणायला टेकतात तसे. आणि तिथंच राहिले. दात ओठावर, श्वास आत घेतलेला, 'वा' तयार, आणि म्हणायला जागा नाही.  मग ओठ सुटले. आई माझ्याकडं वळली, तिच्या तोंडावर असं काही होतं जे मी ताई गेल्यापासून बघितलं नव्हतं. "म्हणाली रे," ती म्हणाली. "तिनंच म्हटला. पुरं म्हणाली ह्या वेळी." माझ्या पाठीतून कुणीतरी गार चादर ओढली. काहीही ऐकलं नव्हतं मी, आणि मला सगळं कळलं. 'वा' तिथं नव्हता. कधीच नव्हता, मावलाच नव्हता. जिला 'वा' म्हणता आला ती ताई नाही. मी काय केलं असेल? हसलो. आई हसत होती म्हणून हसलो, मान डोलावली, आणि तिच्या डोक्यावरून हेडफोन काढून माझ्या डोक्याला लावले. आता हात तयार होते, आता त्यांना वाचवायचं काही नव्हतं; तिन्ही माणसं मी एका पाठोपाठ खाली फेकली. आणि ऐकली तुमची बाई. छान आवाज आहे. स्वच्छ. कोमट पाणी पिऊन आलेला. 'ऊठ की गाढवा', एकेक अक्षर इस्त्री केलेलं, लिफ्टमध्ये मजले सांगतात तसं. 'की' चढत नाही, 'गाढवा'ला थाप नाही. मागं पंखा नाही, खुर्ची नाही, हसू तर नाहीच. ती मला गाढव म्हणाली. मला. आमच्या घरात दोघींनाच तो हक्क होता.

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. बहिरी माणसं तोंड वाचतात, ओठच नाही, सगळं तोंड. मी ते फिरवून खिडकीकडं केलं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिच्या हिशेबानं हळू आवाजात, म्हणजे जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "आवाज भरलाय रे तिचा. बाईमाणसासारखा झालाय." मी मान हलवली. "तिकडं वय होत असेल का रे माणसांचं? इथं असती तर आता केस पिकले असते तिचे. माझ्यासारखे पिकले असते की तुझ्या बापासारखी टक्कल?" आणि स्वतःच्या विनोदाला हसली, केसांवरचा काळा भुगा झटकला आणि म्हणाली, "आण तो कागद. कुठं सही करायची दाखव." केली सही. नाव अर्धं लिहून थांबली, पेन झाडलं, उरलेलं लिहिलं. मी कागद घडी करून खिशात ठेवला. मग दुसरा कागद घेतला, आईशी मी असाच बोलतो, मोठ्या अक्षरात लिहून, आणि लिहिलं, 'ही'. पुढं लिहायचं होतं 'ती नाही'. पेन थांबलं. लिहिलं तर तिनं केलेली सही ती फाडणार, मला माहीत आहे माझी आई. नाही लिहिलं तर उद्या तिच्या स्वतःच्या कानात शेवटचा आवाज राहणार तो तुमच्या भाडोत्री बाईचा, आणि त्यानंतर ताई ह्या जगात कुणालाच आठवणार नाही, मला सोडून, आणि मला आत्ताच, हे लिहिताना, ताईचा 'की' आठवायला गेलो की तुमच्या बाईचा 'की' मध्ये येतोय. ऐकताय का? मध्ये येतोय तो. तुम्ही खोक्यातून नेलंत ते नेलंत, माझ्या डोक्यातूनही नेताय.

मी जिन्यात जाऊन तुमच्या मदतकेंद्राला फोन लावला. पोरगी गोड होती. "सर, ओरिजिनल आवाज खराब होता. शेवटचं अक्षर कट होत होतं. आमच्या टीमनं तो रिस्टोअर केलाय." "रिस्टोअर म्हणजे काय केलंत?" "प्रोफेशनल आर्टिस्टकडून परत रेकॉर्ड केलाय, सर. बऱ्याच लोकांना आवडलंय." "जी मुलगी आधी बोलली होती तिला विचारलंत?" "सर, त्यांची काही माहिती नाहीये आमच्याकडे." "माझ्याकडे आहे."  ह्या पोरीचा राग येत नाही मला. मग समोर लिहिलेलं असेल ते वाचल्यासारखी म्हणाली, "आपला मुद्दा मी वर पाठवते, सर." "वर म्हणजे कुठं?" "म्हणजे... वर." "जुना आवाज आहे का तुमच्याकडं? तो कापलेला?" "ते चेक करून काही कामाच्या दिवसांत कळवतील, सर. ह्या कॉलला चांदण्या द्याल का?" मी म्हणालो, "बाई, माझी आई बहिरी व्हायला चाललीय." ती म्हणाली, "सॉरी, सर," आणि ते तिनं वाचून म्हटलं नव्हतं. म्हणून मी तिच्याशी नाही, तुमच्याशी बोलतोय. त्या 'वर'शी. जिथं कुणीतरी टेबलाशी बसून माझ्या बहिणीचं तुटलेलं अक्षर ऐकलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, हे दुरुस्त करून टाका. त्या अक्षराची जागा आमच्या आईची होती. ती मोकळी होती ती आईसाठी. तुम्ही म्हातारीच्या तोंडातून 'वा' काढून घेतलात, आणि वर विचारता, कसं वाटलं?

असं वाटलं. चांदण्या पोकळच ठेवल्यात, बघून घ्या. आता उन्हं खिडकीतून खाली उतरलीत, कट्ट्यावर कानाचं यंत्र अजून शीळ घालतंय. उद्याची पिशवी भरून दाराशी ठेवलीय, टॉवेल, चपला, कागद. आईनं हेडफोन पुन्हा डोक्याला लावलेत, स्वतःच, उलटे. हात मांडीवर ठेवून बसलीय, गाडी सुटायची वाट बघतात तशी. मघापासून तिसऱ्यांदा म्हणतेय, "हर ना रे एकदा. एकदाच. मग झोपते." माझे अंगठे बटणांवर आहेत आणि माणूस दोरीला लटकलाय.

मला माफी नको, बदलून दुसरं यंत्रही नको. तो कापलेला आवाज तुमच्याकडे आहे, की पुसलात? असेल तर सकाळच्या आत पाठवा, जसा होता तसा, 'वा' नसलेला, पंख्यासकट. आणि नसेल तर तेही स्पष्ट सांगा, आणि पुढचंही तुम्हीच सांगा: ही समोर बसलीय, हर म्हणतेय. मी कुणासाठी हरू? बोला.